थाळीच्या हॉटेलाला तारे देताना नक्की काय मोजायचं?

अंत्रुजकर

गोव्यातल्या फोंड्याच्या बाजूच्या एका हॉटेलाविषयी ऑनलाइन लिहिलेला अभिप्राय सध्या आमच्या ओळखीच्या लोकांत फिरतोय. लिहिणारा बाहेरगावचा. पाचांपैकी एक तारा दिलाय. कारणं तीन: टेबलावर अनोळखी माणसांसोबत बसवलं, वाढपी हसला नाही, जेवण संपतं न संपतं तोच बिल पुढ्यात ठेवलं. जेवणाविषयी एकच वाक्य, 'जेवण बरं होतं'. हुमण (माशाची आमटी) कशाचं होतं, मासा कुठला होता, सोलकढी कशी होती, एक अक्षर नाही.

मला हे अन्यायाचं वाटतं. दुपारच्या थाळीचं हॉटेल ताटावरून जोखावं. शीत (भात), हुमण, तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं नाहीतर किसमूर (सुक्या कोळंबीची कोशिंबीर), एक भाजी, तळलेला तुकडा, लोणचं, सोलकढी. यातली एकेक वाटी आत काय चाललंय ते सांगते. हुमणाचं वाटण आज सकाळचं आहे की काल फ्रीजमध्ये टाकलेलं, ते पहिल्या घासाला कळतं. बांगड्याच्या हुमणात तिरफळ आहे का, की नुसतीच तिखटाची लाली? माशाला रव्याचा जाड चिलखती थर दिसला की मी सावध होतो. ताजी इसवण (सुरमई) असेल तर तुकड्याच्या पाकळ्या सुटतात. बर्फात दिवस काढलेली असेल तर बोटात भुगा येतो.

सगळ्यात खरी परीक्षा किसमुरीची. कारण तिचे वेगळे पैसे कोणी देत नाही आणि ती नसली तर तक्रारही कोणी करत नाही. सुकी सुंगटं नीट भाजली नाहीत तर चामट लागतात. खोबरं-कांदा आधीच कालवून ठेवला तर पाणी सुटून सगळं मऊ पडतं. जो मालक ताट वाढायच्या वेळेला किसमूर कालवायला लावतो, तो बाकीच्या स्वयंपाकातही लबाडी करत नसणार, असा माझा अनुभव आहे.

आणि सेवा म्हणाल तर थाळीच्या हॉटेलात सेवा म्हणजे वाढप. बसल्यावर 'उकडो की सुरय?', म्हणजे उकड्या तांदळाचा भात की साधा, असं विचारणं. पहिला भात संपायच्या आत दुसरा आणणं, त्यावर न मागता हुमण ओतणं. एक वाजता ज्या हॉटेलात कचेरीतले लोक अर्ध्या तासाच्या सुट्टीत येतात, तिथे टेबल वाटून घ्यावंच लागतं. बिल लवकर येतं तेही त्यांच्याचसाठी. तिथली ती शिस्त आहे, तिला उद्धटपणा म्हणणं चूक.

तिरफळ

शंभर टक्के सहमत. हसू मोजायचं असेल तर साडेतीनला जा, गर्दी ओसरल्यावर. दीड वाजता तोच पोऱ्या दहा टेबलं सांभाळत असतो, हातावर चार ताटं. त्याने हसावं ही अपेक्षा धरणाऱ्याने एकदा आपल्या घरच्या गणेशचवथीच्या पंगतीत वाढून बघावं.

बार्देसवाली

अंत्रुजकर, ताटाबद्दलचं तुमचं सगळं मान्य. किसमुरीचं तर फारच मान्य. पण 'सेवा म्हणजे वाढप' इथे मी थांबते.

माझ्यासोबत सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई असतात. त्यांना गुडघ्यांचा त्रास. आमच्यासाठी सेवेची सुरुवात दारातल्या ओल्या फरशीपासून होते. हात धुवायच्या बेसिनजवळ साबण आहे का, बेसिनमध्ये कोणाची शितं अडकलेली नाहीत ना, संडासाचं दार लागतं का, तिकडे जायला भांडी घासायच्या जागेतून वाट काढावी लागते का? गोव्यात किती नावाजलेल्या थाळीवाल्यांकडे यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं धड मिळतात? आपण स्थानिक लोक हुमण चांगलं म्हणून हे सगळं वर्षानुवर्षं गिळत आलोय. वर कोणी बोललं तर 'सुशेगाद', म्हणजे आपला निवांत कारभार, म्हणून पाठीशी घालतो. बाहेरचा माणूस ते गिळत नाही आणि एक तारा देतो, तेव्हा आपल्याला राग येतो. त्याची कारणं चुकली असतील, बोलायचा हक्क चुकलेला नाही.

दुसरी गोष्ट पैशांची. मेनूकार्डावर थाळीचा भाव असतो. तळलेल्या माशापुढे मात्र 'सायजाप्रमाणे', म्हणजे आकारानुसार. म्हापशाच्या बाजूला एका हॉटेलात वाढप्याने कच्च्या मासळीचं ताट टेबलावर आणून दाखवलं. चणक, इसवण, लेपो, मुडदोशी, सगळं चकचकीत, कल्ले लाल. मी भाव विचारला. 'सायजावर आसा, बाय, चड ना.' (आकारावर आहे, बाई, जास्त नाही.) शेवटी बिलात एका चणकाचे पैसे आमच्या चार थाळ्यांपेक्षा जास्त. चव? उत्तम होती. ताटावरून जोखायचं तर पाच तारे. पण पुढच्या वेळी त्या दारात मी पाऊल टाकणार नाही. मग तुमच्या मोजमापात माझा हा अनुभव कुठे बसतो?

गल्ल्यावरून

माझं स्वतःचं हॉटेल आहे, नाव सांगत नाही, सासष्टीत. दोन्ही बाजू वाचल्या. गल्ल्यामागून काय दिसतं तेही लिहितो.

मासळी पहाटे मडगावच्या घाऊक बाजारातून येते. तिथला भाव रोज वेगळा. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरबंदी, ६१ दिवस. त्या काळात होड्यांची थोडी मासळी, खाडीची, नाहीतर बर्फातली. इसवणीचा भाव त्या दिवसांत असा चढतो की छापील मेनू आठवड्यात खोटा पडतो. जुलै २०१८ मध्ये मासळी टिकवायला फॉर्मेलिन हे रसायन वापरल्याच्या संशयाचं प्रकरण झालं, सरकारने परराज्यातली मासळी काही दिवस बंद केली. तेव्हा ताजी मासळी घेऊन बसलो तरी लोक ताटाकडे संशयाने बघत होते. पुष्कळ जण भाजीचं ताट मागत. तो पावसाळा आम्ही कसा काढला ते आम्हालाच माहीत.

बिलावरच्या ५ टक्के जीएसटीबद्दल गिऱ्हाईक माझ्यावर डोळे वटारतं. नोव्हेंबर २०१७ पासून हा दर आहे, पण त्यात इनपुट क्रेडिट नाही. म्हणजे फ्रीज, भांडी, जागेचं भाडं यावर मी जो कर भरतो तो वळता होत नाही, खर्चातच जातो. स्वयंपाकी गावचा मिळत नाही. वाढपी ओडिशाचे, कर्नाटकातले, पावसाळ्यात घरी जातात ते कधी परततात, कधी नाही. नवा पोऱ्या 'उकडो' आणि 'सुरय' यातला फरक शिकेपर्यंत सीझन संपत येतो.

आता ताऱ्यांचं. मोठ्या हॉटेलाला हजारो अभिप्राय असतात, एका ताऱ्याने काही हलत नाही. माझ्यासारख्याला शे-दीडशे. दोघा-तिघांनी रविवारी दीड वाजता चिडून एकेक तारा दिला की सरासरी खाली येते, आणि फोन बघून जेवायला जागा शोधणारा पर्यटक पुढच्या हॉटेलात वळतो. रोज येणारा बँकेतला माणूस वीस वर्षं जेवतो, पण तो कधी एक ओळ लिहीत नाही. तेव्हा अंत्रुजकरांना माझी विनंती: राग येतोच आहे तर तुम्ही लिहा. ज्यांना हुमण कळतं ते गप्प, आणि ज्यांना कळत नाही ते लिहितात, हे आमचं खरं दुखणं.

बार्देसवाली

गल्ल्यावरून, ट्रॉलरबंदी आणि कर समजले. पण साबण, कोरडी फरशी आणि दाराची कडी यांना ट्रॉलरबंदी लागत नाही ना? भाव रोज बदलतो म्हणता, तर रोज फळ्यावर खडूने लिहा. बाजारातली मासळीवाली बाई न लिहिता का होईना, विचारल्यावर आकडा सांगते. घासाघीस करता येते, नको असेल तर पुढे जाता येतं. तुमच्याकडे खाऊन झाल्यावर आकडा कळतो. मला सगळ्यात जास्त तेच खुपतं.

सावंतवाडीकर

पत्रादेवीच्या सीमेवरून महिन्या-दोन महिन्यांनी गोव्यात उतरतो, म्हणून लिहितो. आमच्याकडच्या घरगुती खानावळीत मालकीणबाई स्वतः येऊन 'कढी बरी झाली ना?' विचारते. गोव्यात हे क्वचित. पण हुमणाच्या बाबतीत मी गोव्याच्या बाजूने. आमच्याकडे हल्ली पर्यटकांसाठी मालवणी मसाल्याचा मारा वाढलाय, सगळे रस्से एकाच चवीचे. गोव्यातल्या साध्या हॉटेलात अजून उडीद-मेथीची उड्डमेथी वेगळी, आंबट-तिखट रश्शाचं आंबटतीक वेगळं लागतं. हे टिकवणाऱ्याला माझ्याकडून दोन तारे आधीच जादा, मग तो हसो न हसो.

पेडण्याची सून

थाळीची हॉटेलं बाजूला ठेवा, मला किनाऱ्यावरच्या जागांबद्दल बोलायचंय. तिथे तर वाढपी हसतात. ज्यांच्याकडून मोठं बिल होणार त्यांच्याकडे बघून हसतात. आम्ही घरची चार माणसं कोकणी-मराठी बोलत आत शिरलो की समुद्राकडची टेबलं 'राखीव' होतात आणि आम्हाला स्वयंपाकघराच्या दाराशी बसवतात. मेनूकार्ड मागून घ्यावं लागतं. आपल्याच गावात, आपल्याच किनाऱ्यावर. एकदा नाही, अनेकदा झालंय. म्हणून 'जेवण चांगलं तर सेवा माफ' हे मला पटत नाही. माणसाला कसं बसवलं, हे त्याच्या पोटाआधी मनाला लागतं.

वर बिलात सेवा शुल्क लावतात, १० टक्के. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय की ते आपोआप बिलात लावता येणार नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मार्गदर्शक तत्त्वं कायम ठेवली. तरी लावतात. मी दरवेळी काढायला लावते आणि वाढप्याने नीट वाढलं असेल तर रोख पैसे त्याच्या हातात देते. तुम्हीही काढायला लावा, लाजू नका.

अंत्रुजकर

पेडण्याची सून, तुमचा अनुभव संतापजनक आहे. अशा जागेला एकही तारा देऊ नये, जेवण कसंही असो. भेदभाव आणि फसवणूक यांना मी सेवेतली कमतरता म्हणतच नाही, तो वेगळा गुन्हा आहे आणि त्याबद्दल स्पष्ट लिहिलंच पाहिजे. स्वच्छतेचंही तसंच. बिलावर अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक असतो, तो टिपून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. ताऱ्यांनी बेसिन साफ होत नाही.

माझा मुद्दा मात्र मी सोडत नाही. हसू, गप्पा, वेगळं टेबल, सावकाश बिल, या गोष्टी थाळीच्या हॉटेलाकडून मागायला लागलो की काय होतं ते पणजीत बघा. थाळीवाला एसी बसवतो, कापडी नॅपकिन आणतो, वाढप्यांना गणवेश देतो, आणि तो खर्च भरून काढायला किसमूर बंद करतो, तिसऱ्यांच्या सुक्यात बटाटे घालतो, सोलकढीला कोकमाऐवजी तयार सिरप वापरतो. तारे वाढतात. दुपारी ज्याला परवडणाऱ्या पैशांत पोटभर शीतकडी (भात-हुमण) हवी असते तो क्लार्क, तो रिक्षावाला, तो बसचा कंडक्टर तिथून कायमचा बाहेर पडतो. त्याच्या बाजूने कोण अभिप्राय लिहितं?

बार्देसवाली

तो कंडक्टरही साबणाने हात धुतो, अंत्रुजकर. मला एसी नको, नॅपकिन नको. प्रशासनाकडे तक्रारीचा मार्ग आहे, पण रोज जेवणाऱ्याने रोज तक्रार करायची का? मालकाला लाज वाटावी म्हणून तारेच उपयोगी पडतात. मी तीन गोष्टींवर देणार: ताट, स्वच्छता, आणि माशाचा भाव आधी सांगितला की नाही. हसण्याला माझ्याकडे गुण नाहीत, तिथे मी तुमच्याच बाजूने.

गल्ल्यावरून

फळ्यावर भाव लिहायला माझी हरकत नाही. अडचण सांगतो. 'मोठा बांगडा' लिहिला की गिऱ्हाईक म्हणतं हा मोठा कुठे आहे? एका चणकाचे दोन तुकडे कधी सारखे असतात का? वजनावर लावायचं तर कच्च्याचं वजन की तळलेल्याचं, यावर भांडण.

बार्देसवाली

कच्च्याचं. गल्ल्यावर काटा ठेवा, मासा दाखवता तेव्हाच वजन करा, आकडा सांगा, मग तव्यावर टाका. हे जमलं तर हॉटेलाचं नाव मला कळवा, सासूबाईंना घेऊन येते. बेसिनचं मात्र येऊन बघणार.