राष्ट्रपतींवर काय 'लागते'? खटला, दावा की नुसती केस?

पांदणवाट
यवतमाळ जिल्ह्यात मास्तर आहे. सामान्यज्ञानाच्या पेपरात प्रश्न काढला : 'पदावर असताना राष्ट्रपतींवर खटला भरता येतो का?' उत्तरसूचीत 'नाही' लिहिलं. एका पोराचा आजा शेताच्या धुऱ्याच्या (बांधाच्या) भांडणापायी अकरा वर्षांपासून तालुक्याच्या कोर्टात पेशीवर जातो. दुसऱ्या दिवशी शाळेत हजर. "मास्तर, खटला नाई लागत, पण दावा लागते. अर्धंच उत्तर लिवलं तुमी." मी आजवर दोन्ही एकच समजत होतो. आता इंग्रजी माध्यमाच्या पोरांचा पेपर मराठीत करताना त्यातल्या 'Can a sitting President be sued?' मधल्या 'सू करणे'साठी कोणता शब्द घेऊ?

काळाकोट
आजोबांना नमस्कार सांगा. संविधानाचं कलम ३६१ नेमकं तेच म्हणतं. राष्ट्रपती किंवा राज्यपाल पदावर असेतो फौजदारी कारवाई नाही, अटकेचं फर्मान नाही. पदाच्या अधिकारात जे केलं त्याबद्दल कोणत्याही कोर्टाला उत्तर देणं नाही. पण खासगी नात्यानं काही केलं असेल, पदावर येण्याआधी असो की नंतर, तर दिवाणी दावा चालतो. लेखी नोटीस द्यायची आणि दोन महिने थांबायचं, एवढंच. नोटिशीत वादीचं नाव, पत्ता, भांडणाचं कारण आणि मागणी लिहावी लागते. खटला फौजदारी, दावा दिवाणी. म्हणजे तुमच्या प्रश्नात शब्द बदलला की उत्तरच बदलतं.

खारपाण
दोन महिने तर पटवाऱ्याच्या कारभारापायी सरकारवर दावा लावायचा तरी थांबा लागते. दिवाणी प्रक्रिया संहिता, कलम ८०. आमच्या बापानं थांबून पाहिलं हाय.

रोजचापेपर
काळाकोट, पुस्तकी भेद झाला हा. वर्तमानपत्रं सर्रास 'दिवाणी खटला' लिहितात. लोक वाचतात, समजतात. भाषा कोर्टात ठरत नाही.

काळाकोट
मग अब्रुनुकसानीचं काय करता? तिचा दावाही असतो, खटलाही असतो. दाव्यात पैसे मागतात, खटल्यात माणूस आत जाऊ शकतो. तुमच्या पेपरात 'अब्रुनुकसानीची केस' छापून आलं की मला पक्षकाराला फोन करून विचारावं लागतं, नेमकं काय लागलंय.

बैलजोडी
व्युत्पत्ती अशी आहे. दावं म्हणजे गुराच्या गळ्यातली दोरी, त्यावरून दावण. ज्याच्यावर दावा लागला तो कोर्टाच्या दावणीला बांधला गेला. आमच्या कास्तकारांना हे सांगावं लागत नाही.

काळाकोट
ऐकायला गोड आहे, पण दावा अरबीतून आलाय. मुद्दई (वादी) आणि मुद्दालेह (प्रतिवादी) हे जुने शब्द त्याच मुळातले. दावं आपलं देशी, गोठ्यातलं.

बैलजोडी
मग 'त्यानं माझ्याशी दावा धरला' म्हणजे वैर धरलं, हे कोणत्या कोर्टातून आलं? ज्याच्याशी वैर त्याला दावेदार म्हणतोच ना आपण?

शुद्धमराठी
अरबी आहे हे मान्य केलंच आहे, तर टाकून द्या. 'वाद दाखल करणे' लिहा. वादी आणि प्रतिवादी चालतात, मग वाद का नको? आणि 'पेशी' तर अगदीच हिंदी वळणाचं. मराठीत 'तारीख' म्हणतात.

खारपाण
तारीख तरी कुठची देशी हाय बाप्पा? तेही अरबीच. आणि पेशी फारसीतल्या 'पेश'वरून, म्हणजे पुढं. त्याच 'पेश'वरून पेशवा. पेशवे चालतात, आमची पेशी काहून नाई चालत? राहिलं 'वाद दाखल केला'चं. गावात असं म्हटलं तर लोक विचारतील, वाद तर पयलेच होता, दाखल काय केला? आमच्याकडे 'केस टाकली' म्हणतात.

रोजचापेपर
टाळी! आणि खटल्याचं म्हणाल तर माझी आजी 'मोठ्या खटल्याचं घर' म्हणायची, म्हणजे माणसांचा पसारा मोठा. कोर्टाचा काही संबंध नाही.

काळाकोट
अशा घरात वाटणीचा दावा लागल्याशिवाय राहत नाही, एवढा संबंध आहे.

सातासमुद्र
मूळ इंग्रजी प्रश्न अमेरिकेचा असावा. क्लिंटन अध्यक्ष असताना पॉला जोन्स यांनी १९९४ साली त्यांच्यावर दावा लावला, तोही अध्यक्ष होण्याआधीच्या वागणुकीबद्दल. १९९७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं सांगितलं, पद आहे म्हणून दावा थांबणार नाही. अधिकृत कृत्यांना मात्र माजी अध्यक्ष निक्सन यांच्यावरच्या दाव्यातल्या १९८२ च्या निकालापासून अशा दाव्यांतून पूर्ण संरक्षण. पण मला खटकतो तो 'सिटिंग'साठी सगळे लिहितात तो 'विद्यमान'. पदावर बसलेला, इतकं सरळ का लिहीत नाही?

पांदणवाट
'पदावर असताना' असंच लिहिलंय मी. माझा प्रश्न क्रियापदाचा होता.

बैलजोडी
आणि परक्या देशाचा राजा असेल तर? त्याची गोठ्यात जागा कोणती?

काळाकोट
दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८६. केंद्र सरकारची लेखी संमती लागते. एकच अपवाद आहे. त्याच्या मिळकतीत तुम्ही भाडेकरू असाल तर संमतीशिवाय दावा लावता येतो. हे कलम मला फार आवडतं.

खारपाण
अख्खं वऱ्हाडच पट्ट्यावर होतं! १९०२ साली निजामानं कायमचं इंग्रजाला दिलं, वर्षाला २५ लाख रुपयांवर. मालक हैदराबादेत, भाडेकरू इंग्रज, आणि वावर कसणारा माहा पणजा. त्यानं दावा कोणावर टाकाचा होता, सांगा.

शुद्धमराठी
'टाकाचा' नव्हे, 'टाकायचा'.

खारपाण
झालं. हे आले पेशीवर.

पांदणवाट
पेपर आज छापायला गेला. तो प्रश्नच काढून टाकला. त्या जागी 'वर्धा नदी कोठे उगम पावते?' घातलंय. मुलताईजवळ, सातपुड्यात. आजोबांना सांगितलं तर म्हणाले, जमते.

बैलजोडी
मुलताईला तापी निघते ना?

पांदणवाट
दोन्ही त्याच भागातल्या. तापी मुलताईची, वर्धा जवळच्याच डोंगरातली.

रोजचापेपर
'उगम पावते' कोण बोलतं हो? नदी निघते.