तापमान २९ अंश, ईसीजीत क्यूआरएसच्या (ठोक्याच्या टोकदार भागाच्या) शेवटी उंचवटा: अटॅक समजायचा का?

रात्रपाळी: थंडीत गारठलेला वयस्कर पेशंट. गुदद्वारातून घेतलेलं तापमान २९, नाडी ३८. व्ही३ ते व्ही६ (छातीवरच्या लीड्स) मध्ये क्यूआरएस संपता संपता गोलसर उंचवटा आहे. मशीन ‘अ‍ॅक्यूट एमआय’ (हार्ट अटॅक) छापतंय. थ्रोम्बोलिसिस (गुठळी विरघळवणारं औषध) द्यायचं? नाडी वाढवायला अ‍ॅट्रोपिन?

लीड_टू: हा जे वेव्ह, म्हणजेच ऑस्बॉर्न वेव्ह. सहसा ३२ च्या खाली दिसतो आणि तापमान उतरेल तसा मोठा होतो. थंडीत हृदयाच्या बाहेरच्या थरातला पोटॅशियमचा सुरुवातीचा प्रवाह आतल्या थरापेक्षा ठळक उमटतो, त्या फरकाचा हा उंचवटा. मशीन त्यालाच एसटी (क्यूआरएसनंतरची रेषा, अटॅकमध्ये वर जाणारी) चढलाय असं वाचतं. तेवढ्यावर थ्रोम्बोलिसिस अजिबात देऊ नका; गरम करत ईसीजी पुन्हा काढा. पीआर, क्यूआरएस, क्यूटी ही ईसीजीवरची तिन्ही अंतरं लांबतात. क्यूटी हाताने मोजा, कारण कुडकुडण्याने बेसलाइन थरथरते आणि मशीनचा आकडा फसतो. मेंदूतला रक्तस्राव किंवा वाढलेलं कॅल्शियम यातही असाच उंचवटा येतो, म्हणून तापमान नॉर्मल असेल तर तिकडे बघा.

नाडीपरीक्षा: अ‍ॅट्रोपिनचा उपयोग होत नाही. इथे व्हेगसचा (हृदयाची गती कमी करणाऱ्या नसेचा) दोष नाही, सायनस नोडच्या (ठोके सुरू करणाऱ्या केंद्राच्या) पेशीच थंडीने मंदावल्यात. शरीराची ऑक्सिजनची गरजही घटलेली असते, त्यामुळे ३८ ची नाडी बहुतेकदा पुरते. एएफ (वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर) आलं तरी गरम केल्यावर सहसा आपोआप जातं.

खरी भीती व्हीएफची (खालच्या कप्प्यांची जीवघेणी थरथर), विशेषतः २८ च्या खाली. पेशंटला आडवाच ठेवा, हळू हलवा. स्ट्रेचरवर आदळलं तरी व्हीएफ सुरू होऊ शकतं. नाडी पूर्ण एक मिनिट तपासा. २०२१ च्या युरोपियन मार्गदर्शनानुसार ३० च्या खाली तीन शॉक लागू पडले नाहीत तर पुढचे शॉक ३० वर येईपर्यंत थांबवायचे, सीपीआर (छाती दाबणं, श्वास देणं) चालूच. अ‍ॅड्रेनलिनही ३० नंतर, आणि ३५ पर्यंत दोन डोसमधलं अंतर दुप्पट.

लीड_टू: साध्या थर्मामीटरवर विसंबू नका, बरेचसे ३४-३५ च्या खाली वाचतच नाहीत. ओली कातडी कोरडी पुसल्याशिवाय इलेक्ट्रोड चिकटत नाहीत.

रात्रपाळी: उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉन लिहिलंय, ते?

नाडीपरीक्षा: सध्या नको, तेही क्यूटी लांबवतं. क्यूटी गरम झाल्यावरही काही काळ लांबलेलीच राहू शकते. रक्त पोटॅशियमसाठी लगेच पाठवा. थंडीत ते वाढलं तरी टी वेव्ह (क्यूआरएसनंतरची लाट) नेहमीसारखी टोकदार दिसेलच असं नाही. शुगर आणि थायरॉइडही त्याच सॅम्पलमध्ये.