व्हिसा नको, पण परवानगी? तुमचे अनुभव लिहा

"तिकडे व्हिसा लागत नाही गं," असं छातीठोकपणे सांगणारे नातेवाईक सगळ्यांनाच असतात. ईटीए, एस्टा (व्हिसा लागत नसला तरी आधी ऑनलाइन काढायच्या परवानग्या), अरायव्हल कार्ड (देशात शिरण्यासाठी भरायचा फॉर्म) ही नावं मात्र चेक-इन काउंटरवर कानावर पडतात. तुम्हाला काय अनुभव आला ते लिहा. पासपोर्ट कुठला आणि मार्ग कुठला हे जरूर सांगा, सगळा घोळ तिथेच असतो.

न्यू जर्सी, अमेरिकन पासपोर्ट:
मुंबईला जाताना लंडनला नणंदेकडे थांबायचं होतं. अमेरिकन पासपोर्टवाल्यांना ब्रिटनची ईटीए जानेवारी 2025 पासून लागते, तीही माणशी, अगदी मांडीवरच्या बाळालाही. एरवी दोन वर्षं चालते. पण लेकीचा पासपोर्ट मध्येच नवा केला होता (लहान मुलांचा पाचच वर्षांचा असतो), आणि जुन्या पासपोर्टबरोबर ईटीएही बाद होते. म्हणून तिची पुन्हा काढली. ॲपमध्ये पासपोर्टची चिप वाचायला फोन त्यावर टेकवून धरायचा असतो. आमचा काही केल्या वाचेना. शेवटी नवऱ्याने फोनचं जाडजूड कव्हर काढलं आणि पहिल्या फटक्यात वाचली! मंजुरी चहा होईपर्यंत आली.

टोरांटो, कॅनेडियन पासपोर्ट:
वरच्या ताईंना पुरवणी. हीथ्रोवर नुसतं विमान बदलायचं असेल आणि इमिग्रेशन ओलांडायचं नसेल, तर ईटीए नको. स्वस्त पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटं काढलीत आणि बॅगा बाहेर येऊन घ्याव्या लागल्या, तर हवी.

लेस्टर, ब्रिटिश पासपोर्ट:
आमचे शेजारी मूळचे पुण्याचे बोहरी. मुलीच्या पदवीदान समारंभाला शिकागोला जायचं होतं. आम्ही सगळे अमेरिकेच्या एस्टावर जातो, पण काकांना ती मिळेना, कारण ते इराकमधल्या करबलाच्या जियारतीला गेले होते. 1 मार्च 2011 नंतर इराक, इराण, सीरिया अशा देशांत जाऊन आलेल्यांना, काही मोजके अपवाद सोडले तर, एस्टा मिळत नाही. रीतसर व्हिसा, मुलाखत, सगळं आलं. यात्रेला गेलेल्या माणसाला हा ताप का, हे मला आजही पटत नाही.

ठाणे, भारतीय पासपोर्ट:
थायलंडला 1 मे 2025 पासून डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं, पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत. ते फुकट आहे! आईबाबांचं भरायला बसले तर सर्चमध्ये सगळ्यात वर जी साइट आली ती चक्क डॉलर मागत होती. सरकारी साइटवर कार्ड नंबर विचारतच नाहीत.

मेलबर्न, भारतीय पासपोर्ट, ऑस्ट्रेलियाची पीआर (कायम राहण्याची परवानगी):
भारतीय पासपोर्टवर न्यूझीलंडचा व्हिसा लागतो, पण पीआर असली की नुसत्या एनझेडईटीएवर (न्यूझीलंडची ईटीए) भागतं. ॲपवरून 17 न्यूझीलंड डॉलर. मंजुरीला 72 तासही लागू शकतात, तेव्हा शुक्रवारी रात्री तिकीट काढून शनिवारी सकाळी उडायचे बेत करू नका.