अनुभव धागा : पुनरुत्थानाचा पुरावा तुम्ही कसा तोलला?

येशू ख्रिस्त मेलेल्यांतून उठला, हा ख्रिस्ती विश्वासाचा पाया आहे, आणि आरंभीचा ख्रिस्ती प्रचारक पौल याने तो पाया स्वतःहून तपासणीसाठी उघडा ठेवला आहे. ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ, असे तो करिंथ येथील मंडळीला स्पष्ट लिहितो. एवढी सडेतोड अट घालणाऱ्या श्रद्धेकडे पुरावा मागणे हा तिचा अवमान नव्हे. म्हणून श्रद्धावंत, शोधक आणि न पटलेले अशा सर्वांना विनंती आहे की, हा पुरावा अभ्यासताना आपले मन नेमके कुठे अडले आणि कुठे पुढे सरकले, ते कारणांसह लिहावे.

निवृत्त वकील, नगर

आमचे घराणे मिशनच्या काळापासून ख्रिस्ती आहे आणि पुनरुत्थानाविषयी शंका काढण्याची रीत घरात नव्हती. वकिलीत मात्र साक्ष पारखण्याची सवय लागली आणि ती पवित्र शास्त्र वाचतानाही सुटेना. मी शुभवर्तमानांपासून, म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावांच्या येशूच्या चार वृत्तांतांपासून, सुरुवात केली नाही. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा १५वा अध्याय आधी घेतला, कारण ते लिखाण चारही शुभवर्तमानांच्या आधीचे, साधारण इ. स. ५४-५५च्या सुमाराचे आहे. वधस्तंभाची घटना ३० किंवा ३३ सालची धरली, तर मधले अंतर पंचवीस वर्षांच्या आतलेच ठरते. शिवाय पौल तिथे नवे काही सांगत नाही. आपल्याला जे मिळाले तेच आपण सोपवले, असे म्हणून तो साक्षीदारांची यादी देतो: केफा म्हणजे शिष्य पेत्र, मग येशूचे बारा शिष्य, मग पाचशेंहून अधिक बंधू, मग याकोब, मग सर्व प्रेषित आणि सर्वांत शेवटी तो स्वतः. त्या पाचशेंपैकी बहुतेक अजून हयात आहेत, असेही तो नमूद करतो.

गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात याला जोड मिळते. परिवर्तनानंतर तीन वर्षांनी आपण यरुशलेमेस गेलो, केफाजवळ पंधरा दिवस राहिलो आणि प्रभूचा भाऊ याकोब याला भेटलो, असे सांगून पौल लगेच लिहितो की, देवासमक्ष मी खोटे बोलत नाही. म्हणजे यादीतली किमान दोन माणसे त्याने समोरासमोर पाहिलेली होती आणि ही गोष्ट तो शपथेवर सांगत होता. हे वाक्य मी कितीतरी वेळा वाचले होते, परंतु साक्ष म्हणून वाचले तेव्हा त्याचे वजन कळले.

उलट बाजूही मांडली पाहिजे. त्या पाचशे जणांची नावे नाहीत, गाव नाही, आणि त्यांच्यापैकी कोणाचा स्वतःचा जबाब आपल्यापर्यंत पोहोचलेला नाही. न्यायालय ऐकीव पुरावा सहसा दाखल करून घेत नाही. पण इतिहासाला कोणालाच पिंजऱ्यात उभे करता येत नाही, तिथे ऐकीव पुरावा फेटाळून भागत नाही, तो तोलावाच लागतो. अगदी आरंभीच्या आणि अगदी जवळच्या माणसांनी हे सांगितले, एवढे मला सिद्ध वाटते. त्यांनी जे पाहिले ते खरेच होते, हे मी विश्वासाने स्वीकारतो.

परिचारिका, वसई

माझे यजमान वारल्यानंतरच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी मी त्यांना ओट्यावर बसलेले पाहिले. अंगात पांढरा बनियन, एक पाय खाली सोडलेला, हातात अडकित्ता. मला भीती वाटली नाही. मी आत जाऊन दिवा लावला आणि परत आले, तेव्हा ओटा रिकामा होता. पुढे ओळखीच्या मानसोपचारतज्ज्ञांना विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की, जोडीदार गमावलेल्या अनेकांना असा अनुभव येतो आणि तो आजार नव्हे.

त्यामुळे शिष्यांनाही शोकाच्या भरात असेच काही दिसले असेल, हा युक्तिवाद मी वाचला, तेव्हा तो माझ्या घरातून निघाल्यासारखा वाटला, आणि त्यावर मला बाहेरून नव्हे तर आतून विचार करावा लागला. ओट्यावर यजमान दिसले म्हणून ते जिवंत झाले, असे मला क्षणभरही वाटले नाही. दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी दफनभूमीत गेले आणि त्यांच्या कबरीवर फुले ठेवली. उलट ते दर्शन मला ते गेल्याचीच खूण वाटले. शिष्यांपाशीही अशा दर्शनासाठी सोपे स्पष्टीकरण होते. तुरुंगातून सुटलेला पेत्र दार ठोठावतो, तेव्हा तो त्याचा देवदूत असेल, असे घरातले म्हणतात, हे बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातच आहे. असे असूनही येशूविषयी मात्र त्यांनी ‘तो उठला’ असेच सांगितले. रिकाम्या कबरीशिवाय असे म्हणायचे धाडस त्यांना कसे झाले असते, हे मला समजत नाही.

दुसरी गोष्ट स्त्रियांची. चारही शुभवर्तमानांत कबरीकडे प्रथम जाणाऱ्यांत मग्दालेची मरिया आहे. त्या काळचा यहुदी इतिहासकार जोसेफस तर स्त्रियांची साक्ष ग्राह्य धरू नये, असे लिहितो. कथा रचायचीच असती, तर पहिला साक्षीदार म्हणून पेत्राला किंवा येशूला कबरीत ठेवणाऱ्या अरिमथाईच्या योसेफाला उभे करणे सोयीचे होते. पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या, जागरणात हे वाचन चालू असते, तेव्हा मला नेहमी मरियेचाच पहिला विचार येतो.

बेने इस्राएल कुटुंबातील, दिमोना (इस्राएल)

माझे आजी-आजोबा अलिबागकडचे मराठी यहुदी. आम्ही येशूला मसीहा मानत नाही, परंतु मृतांना जिवंत करणाऱ्या देवाची स्तुती आमच्या रोजच्या उभ्याने करायच्या प्रार्थनेतच आहे, त्यामुळे पुनरुत्थानाची कल्पना आम्हांला परकी नाही. फरक एवढाच की, आमच्या दृष्टीने ते शेवटच्या काळी सर्वांचे व्हायचे आहे. इतिहासाच्या मध्येच एकाचे झाले, हे आम्ही मान्य करत नाही.

मला लिहायचे आहे ते एका हाडाविषयी. १९६८ साली जेरुसलेमच्या उत्तरेकडील एका वस्तीत बांधकाम चालू असताना पहिल्या शतकातील कबरी सापडल्या. तिथल्या एका दगडी अस्थिपेटीवर येहोहानान हे नाव कोरलेले होते आणि आत टाचेचे हाड होते, ज्यात लोखंडी खिळा आरपार गेलेला होता. खिळ्याचे टोक वाकले होते, बहुधा म्हणूनच तो उपसता आला नाही. वधस्तंभावर मारलेल्यांची प्रेते कुत्र्या-गिधाडांसाठीच टाकली जात, तेव्हा येशूला कबर मिळालीच नसेल, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. या एका माणसाला तरी कबर मिळाली होती. यातून कोणी उठल्याचे सिद्ध होत नाही, परंतु दफनाची हकिगत अशक्य होती, असे म्हणता येत नाही.

इतिहासाचे अध्यापक, पुणे

घर वारकरी. तुकाराम बीजेला तुकोबांच्या सदेह वैकुंठगमनाचे कीर्तन ऐकत मोठा झालो, आणि तिथे पुरावा मागावा असे कोणाला वाटले नाही. ख्रिस्ती दावा मात्र रोमी सुभेदार पिलाताची कारकीर्द, नगर आणि कबर यांची नावे घेऊन उभा राहतो, म्हणून तो मी इतिहासाच्या नियमांनी तपासला.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या शतकातील दोन महत्त्वाच्या प्रती, सिनाई आणि व्हॅटिकन हस्तलिखिते, १६व्या अध्यायाच्या ८व्या ओवीला थांबतात: स्त्रिया भिऊन पळाल्या आणि कोणाला काही बोलल्या नाहीत. दर्शनांचे प्रसंग तिथे नाहीतच. मत्तयाच्या वृत्तांतात शिष्य येशूला भेटायला गालीलात जातात, तर लूकच्या वृत्तांतात येशू त्यांना यरुशलेमेतच थांबायला सांगतो. कबरीवरचे पहारेकरी एकट्या मत्तयाकडे आहेत. तपशील असे जुळत नसताना मला एवढेच निश्चित म्हणता येते की, शिष्यांची खात्री लवकरची आणि प्रामाणिक होती. तिचे कारण काय, हा प्रश्न माझ्यासाठी खुला आहे, आणि ज्यांचे येशूवर प्रेम होते त्यांनाच तो दिसला, ही गोष्ट मला खटकते.

निवृत्त वकील, नगर (पुण्याच्या सरांना उत्तर)

शेवटच्या मुद्द्यावर थोडे लिहितो. येशूचे भाऊ त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते, असे योहान सांगतो, आणि त्याच्या घरच्यांना त्याचे भान सुटले असे वाटत होते, ही अडचणीची नोंद मार्कानेही गाळलेली नाही. असे असूनही याकोब पुढे यरुशलेमच्या मंडळीचा प्रमुख होतो आणि ६२ साली महायाजक हनान त्याला दगडमाराची शिक्षा देववतो. ही शेवटची नोंद ख्रिस्ती लेखकाची नसून जोसेफसची आहे. याकोबाला भावाचा शोक झाला असेल, हे मी मान्य करतो. परंतु पौल तर आधी येशूच्या अनुयायांना शोधून शोधून पकडत होता आणि त्याला येशूची ना ओढ होती, ना दुःख. सर, त्याच्या अनुभवाची उपपत्ती आपण कशी लावता, हे जाणून घ्यायला आवडेल.