दोन गल्लीतल्या पोरांची मॅच लावावी का?

पेठेतला_कार्यकर्ता: आमच्या तालमीची पोरं आणि मागच्या मोहल्ल्यातली पोरं, दोन्हीकडं सध्या लई तणाव हाय. कोणतरी स्टेटस ठेवतं, मग स्क्रीनशॉट फिरतात, संध्याकाळपर्यंत चौकात पोरं गोळा. २०१९ च्या कोल्हापूरच्या पुरात हीच पोरं मिळून ट्रॅक्टरवरनं लोकांना बाहेर काढत होती राव. आता एकमेकांकडं बघत नाहीत. म्हणून म्हटलं फुटबॉल तर सगळ्यांचा जीव की प्राण, तालीम विरुद्ध मोहल्ला अशी मॅच लावावी. कसं वाटतंय?

मानसशास्त्रवाली_ताई: दादा मनापासून सांगते, तालीम विरुद्ध मोहल्ला अजिबात नको. टीम मिक्स करा. उत्तर प्रदेशात मॅट लो नावाच्या संशोधकानं क्रिकेट लीग भरवून हेच तपासलं, २०२१ ला पेपर आला. जी पोरं दुसऱ्या जातीच्या पोरांबरोबर एका टीममधनं खेळली त्यांची दुसऱ्या जातीत मैत्री वाढली, आणि ज्यांच्या वाट्याला ती फक्त समोरच्या टीममध्ये आली त्यांच्यात उलट परिणाम दिसला. म्हणजे नुसतं एका ग्राउंडवर आणून भागत नाही, गोल कुणासाठी मारायचा त्यावर सगळं आहे. डिफेन्सला एक तालमीचा एक मोहल्ल्याचा ठेवा, बोलल्याशिवाय खेळताच येणार नाही.

रंकाळा_७२: ताईंचं बरोबर आहे. १९५४ मध्ये अमेरिकेत मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञानं समर कॅम्पात पोरांचे दोन गट पाडून स्पर्धा लावली, तर झेंडे जाळण्यापर्यंत गेलं, मग एकत्र जेवायला बसवलं तर एकमेकांवर अन्न फेकलं, पण कॅम्पचं पाणी बंद पडलं आणि सगळ्यांनी मिळून शोधाशोध केली तेव्हा कुठं वातावरण निवळायला लागलं. तुम्ही पुराचं लिहिलंय ना, तेच हे. पावसाळ्याआधी बोट, दोर, औषधं, म्हाताऱ्या माणसांची यादी असं पूर पथक दोघांचं मिळून काढा की.

पेठेतला_कार्यकर्ता: पथकाचं डोक्यात बसलं. पण मोठी माणसं आडवी येणार त्याचं काय?

मानसशास्त्रवाली_ताई: त्यांना पहिल्यांदा धरा. ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञानं १९५४ लाच लिहिलंय, दोन गट जवळ यायचे तर दर्जा बरोबरीचा हवा, ध्येय एक हवं, सहकार्य हवं आणि वरच्यांचा पाठिंबा हवा. आपल्या शाहू महाराजांनी, तेव्हा अस्पृश्य मानल्या जाणाऱ्या समाजातल्या गंगाराम कांबळेंना हॉटेल काढायला लावलं आणि स्वतः तिथं चहा प्यायले, मग बरोबरच्या सरदारांना नाही म्हणता येईना. तुमच्या तालमीचे वस्ताद आणि तिकडचे बुजुर्ग सरावाला शेजारी खुर्च्या टाकून बसले पाहिजेत. आणि कॅप्टन, कोच सगळे एकाच बाजूचे नकोत.

एक मात्र आत्ताच सांगते. इराकमध्ये सलमा मूसानं ख्रिश्चन खेळाडूंच्या टीममध्ये मुस्लिम खेळाडू घालून बघितलं, २०२० ला छापून आलं. मैदानावरची दोस्ती टिकली, सहा महिन्यांनीसुद्धा ख्रिश्चन पोरं मुस्लिमांबरोबर सराव करत होती, पण मैदानाबाहेरच्या वागण्यात तेवढा फरक पडला नाही. म्हणून मॅच झाली की थांबू नका, पथक चालू ठेवा, पोरांच्या घरी येणंजाणं होऊ दे.

पेठेतला_कार्यकर्ता: रविवारी वस्तादांना घेऊन मोहल्ल्यात जातोय. टीमच्या चिठ्ठ्या तिथंच सगळ्यांसमोर काढू.