बाबांची १४० पुस्तकं आता कुणाची?

सातारकर
बाबा मार्चमध्ये गेले. त्यांच्या कपाटातली पुस्तकं वाटायला आम्हाला एक दुपार लागली. आत्याने संतवाङ्मय नेलं, धाकट्याने क्रिकेटवरची उचलली, उरलेली गावच्या वाचनालयाला दिली. तिथल्या बाईंनी रीतसर पावती दिली आणि चहा पाजला.

राहिलं ते वाचनयंत्र. डोळे अधू झाल्यावर अक्षर मोठं करता येतं म्हणून शेवटची सहा वर्षं ते त्याच्यावरच वाचत. आत १४० पुस्तकं, सगळी पैसे मोजून घेतलेली. निवृत्त कारकून माणूस, किमतीसुद्धा वहीत टिपलेल्या. बेरीज ३१ हजारांच्या आसपास जाते. खातं माझ्या नावावर करता येईल का, असं कंपनीला विचारलं. उत्तर आलं की परवाना खातेदारापुरता असतो, त्याचं हस्तांतर होत नाही. खाली सांत्वनाचं एक ठरावीक वाक्य.

म्हणजे बटणावर 'विकत घ्या' लिहायचं आणि द्यायचा फक्त वाचायचा परवाना. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे की असा परवाना विकताना ग्राहकाला तसं स्पष्ट सांगायचं. आपल्याकडे कोण सांगतो? माझं म्हणणं एवढंच: नक्कल होऊ नये म्हणून ई-पुस्तकाला घातलेल्या या डीआरएमच्या (डिजिटल) कुलपाने चोर अडत नाही, पैसे देणारा अडतो. चोर सोडून संन्याशाला फाशी.

छापखान्यातला
सातारकर, वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण मी पलीकडच्या बाजूला बसतो, म्हणून लिहितो. आमचं प्रकाशन छोटं. हजाराची आवृत्ती संपायला तीन-तीन वर्षं जातात. दोन वर्षांपूर्वी तुमच्यासारखाच विचार करून एक कादंबरी बिनकुलपाची विकायला ठेवली. ३८ प्रती गेल्या. पंधराव्या दिवशी तीच फाइल माझ्याच सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली, फुलांच्या सुप्रभातखाली. त्यानंतर एका वाचकाचा फोन. भरभरून कौतुक केलं आणि शेवटी विचारलं, "पुढच्या भागाची पीडीएफ कधी पाठवताय?" त्या गृहस्थांच्या मनात काही वावगं नव्हतं, हेच तर दुखणं आहे. लेखिकेला मानधनाचा हिशेब द्यायला गेलो तेव्हा मान वर करवेना.

दाराची कडी दरोडेखोरासाठी नसतेच. सहज आत डोकावणाऱ्यासाठी असते.

पानकिडा
कशाला एवढं डोकं शिणवताय? टेलिग्रामवर सगळं मिळतं. कुलूपही नाही आणि वारसाची भानगडही नाही.

छापखान्यातला
@पानकिडा, आभारी आहे. माझा मुद्दा मांडायला मला चार ओळी जास्त लागल्या असत्या.

सातारकर
@छापखान्यातला, पानकिडा माझ्याही बाजूने बोललेत, जरा बघा. पैसे न देणाऱ्याकडे आज पुस्तक आहे आणि देणाऱ्याच्या मुलाकडे नाही. तुमची कडी कुणाला लागली?

डॅलसवासी
धागाकर्त्यांशी असहमत. मी वीस वर्षं अमेरिकेत आहे. मराठी पुस्तक कुरियरने मागवलं तर पुस्तक अडीचशेचं आणि हमाली दीड हजाराची. २०१६ च्या डिसेंबरात किंडलवर, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या वाचनयंत्रावर, मराठी पुस्तकं रीतसर यायला लागली तेव्हा दिवाळी उलटून गेली होती, पण आमच्याकडे पुन्हा झाली. कुलूप नसतं तर आपल्या धास्तावलेल्या प्रकाशकांनी यातली निम्मी पुस्तकं दिलीच नसती. ज्यांना मुलाबाळांसाठी मागे ठेवायची असतील त्यांनी छापील घ्यावीत. मला आज रात्री वाचायला मिळतंय, मी खूश आहे.

जुनी पानं
डॅलसवासी, तुमची खुशी कंपनीच्या मर्जीवर आहे हो. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने लोकांच्या किंडलमधून पुस्तक परस्पर काढून घेतलं होतं. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते म्हणून पैसे परत केले, पण पुस्तक रातोरात गायब. आणि पुस्तक कोणतं, तर ऑर्वेलचं '१९८४', सरकार जुनी कागदपत्रं नाहीशी करतं त्या गोष्टीचं! एवढा विनोद कुणाला ठरवूनही जमला नसता. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख बेझोस यांनी नंतर जाहीर माफी मागितली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा विकलेली सगळी पुस्तकं उघडायची थांबली. पैसे परत मिळाले. ज्यांनी पानांवर टिपणं केली होती त्यांना वर २५ डॉलर. टिपणांचा भाव ठरला एकदाचा.

फेब्रुवारी २०२५ मध्ये किंडलचं पुस्तक संगणकावर उतरवून ठेवायची सोयही काढून घेतली. अडीअडचणीला एक प्रत घरात असावी, तीही उरली नाही.

डॅलसवासी
दोन्ही वेळा पैसे परत केले ना? मग? माझी छापील पुस्तकं तळघरात पाणी शिरून गेली तेव्हा मला कुणी दमडी दिली नाही.

कानाने वाचणारा
मी जन्मांध आहे. फोनवरचा स्क्रीन रीडर मला मजकूर वाचून दाखवतो. एका मराठी विक्रेत्याच्या अ‍ॅपवर पुस्तक विकत घेतलं. उघडलं तर शांतता. कॉपी होऊ नये म्हणून पानं चित्रं करून ठेवलेली, आणि चित्र काय बोलणार? फोन केला तर पलीकडचा मुलगा म्हणाला, "सर, कुणाला तरी वाचून दाखवायला सांगा ना."

२००९ मध्ये किंडल-२ पुस्तक मोठ्याने वाचायला लागलं तेव्हा अमेरिकेतल्या लेखकांच्या संघटनेने, ऑथर्स गिल्डने, हरकत घेतली. मग अ‍ॅमेझॉनने आवाज द्यायचा की नाही ते हक्कदारांवर सोडलं. अंधांसाठी पुस्तकं सुलभ करण्याचा माराकेश करार मान्य करणारा पहिला देश भारत, २०१४ साली. आमच्या कॉपीराइट कायद्यातही तशी मुभा आहे. कागदावर आमचा थाट मोठा आहे. छापखान्यातले, तुमच्या कडीला माझा राग नाही. पण ती लावताना आत कोण आहे ते तरी बघा.

काळा कोट
कायद्याचं थोडक्यात सांगतो, हा सल्ला समजू नये. छापील प्रत एकदा विकली की ती उसनी द्या, रद्दीत घाला, मृत्युपत्रात लिहा. प्रकाशकाचा त्या प्रतीवर हक्क उरत नाही. ई-पुस्तकात प्रत विकलेलीच नसते, करार असतो. सातारकरांची अडचण खरं तर तिथे आहे, कुलूप नंतरचं.

कुलूप तोडण्याबद्दल कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीत कलम ६५अ आलं. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पण हक्कभंग करण्याच्या हेतूने तोडलं तरच. कायद्याने मना न केलेल्या कामासाठी तोडलं तर हे कलम आड येत नाही. अमेरिकेचा १९९८ चा कायदा यापेक्षा पुष्कळ कडक आहे. तिथे तोडणं हेच बेकायदा आणि सवलती दर तीन वर्षांनी मागायच्या. आपल्याकडची गंमत अशी की दुसऱ्याला तोडून देणाऱ्याने त्या माणसाचं नाव, पत्ता आणि कारण यांची नोंद ठेवायची. म्हणजे कुलूपवाल्याच्या दुकानात असते तशी वही.

छापखान्यातला
@कानाने वाचणारा, पानांची चित्रं करणं हा निव्वळ आळस आहे, ते मान्य. आमची तशी दोन पुस्तकं आहेत. या महिन्यात बदलून घेतो, झाली की इथे लिहितो.

बाकी मी मागे हटत नाही. टॉर या विज्ञानकथांच्या प्रकाशनाने २०१२ मध्ये सगळी कुलपं काढली, हॅरी पॉटरवाल्यांनी त्याच वर्षी ई-पुस्तकं प्रतीवर फक्त खरेदीदाराची खूण घालून विकली, हे मला प्रत्येक चर्चेत ऐकवलं जातं. त्यांचे वाचक लाखांत. त्यातले हजार गळाले तर त्यांना कळतही नाही. माझे हजार गळाले तर दुकानाला टाळं. खुणेचा प्रयोग मात्र एका पुस्तकावर करून बघीन, कारण त्या सुप्रभातवाल्या काकांचं नाव पहिल्या पानावर छापलेलं असतं तर त्यांनी फाइल पुढे ढकलली नसती असं मला वाटतं.

जुनी पानं
सातारकर, एक विचारते. पुस्तकं राहू द्या, बाबा खुणा करायचे का? काही यंत्रांत अधोरेखितं आणि टिपणं साध्या टेक्स्ट फाइलमध्ये वेगळी साठवलेली असतात, त्यांना कुलूप नसतं. यंत्र केबलने संगणकाला जोडा आणि आतली फोल्डरं उघडून बघा.

सातारकर
ताई, सापडली. २,३०० ओळींची फाइल. काल रात्री दोनपर्यंत वाचत बसलो. बहुतेक ठिकाणी नुसतीच अधोरेखितं आहेत, टिपणं थोडी. एका अनुवादित कादंबरीत पान बाराला लिहिलंय: "भाषांतर भिकार. १९९ रु. पाण्यात." पुढे त्याच पुस्तकात शेवटपर्यंत खुणा आहेत.