घाटरस्त्याची आखणी बदलताना झऱ्यांचा विचार कोणी करायचा असतो?

पायथ्याकडचा (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. आमचे गाव कोकणात, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याला आहे. गावाच्या डोक्यावरून राष्ट्रीय महामार्गाचा घाट जातो आणि त्यातील धोक्याची वळणे टाळण्यासाठी आता नवी आखणी ठरली आहे. गेल्या महिन्यात मोजणीदारांनी उतारावर खुंट्या ठोकल्या, झाडांवर तांबड्या रंगाने आकडे घातले. त्यातली एक खुंटी आमच्या झऱ्याच्या वरच्या अंगाला, जेमतेम पन्नास पावलांवर आहे. मे महिना सरेपर्यंत तीस घरे याच झऱ्याचे पाणी पितात. भूसंपादनाच्या नोटिशीवर हरकत नोंदवायला गेलो, तेव्हा तेथील अधिकाऱ्यांनी मोबदल्यापलीकडचे काही ऐकून घेतले नाही आणि या कामाला पर्यावरण परवानगी लागत नसल्याने जनसुनावणीही होणार नाही, असे सांगितले. रस्ता नको, असे आमच्यापैकी कोणाचेही म्हणणे नाही, कारण त्या वळणांवर आमच्याही घरची माणसे गेली आहेत. पण अधिकारी म्हणतात ते खरे आहे का?

सनद

नियमाच्या अक्षराला धरून ते खरे असू शकते. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार नव्या राष्ट्रीय महामार्गाला पूर्वपरवानगी लागते. अस्तित्वात असलेल्या महामार्गाच्या विस्ताराला मात्र, ऑगस्ट २०१३ च्या दुरुस्तीनंतर, काम १०० किलोमीटरपेक्षा लांब असेल आणि जादा घ्यायची जमीन जुन्या आखणीवर ४० मीटरपेक्षा, तर फेरआखणीवर किंवा वळणरस्त्यावर ६० मीटरपेक्षा रुंद असेल, तरच ती लागते. घाटातली काही किलोमीटरची फेरआखणी या चाळणीतून सहज निसटते. डोंगर किती कापला जाणार, हे त्या निकषात कुठेच मोजले जात नाही, आणि मला हाच या नियमाचा सर्वांत मोठा दोष वाटतो.

म्हणून आपला तुकडा कोणत्या मोठ्या कामाचा भाग आहे, हे आधी शोधावे. उत्तराखंडातील सुमारे ८८९ किलोमीटरचा चारधाम रस्ता ५३ कामांत विभागला गेला आणि संपूर्ण रस्त्याचे एकत्रित मूल्यांकन झालेच नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१९ मध्ये पर्यावरणतज्ज्ञ रवी चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तोवर कित्येक उतार कापून झाले होते. पुढे १४ डिसेंबर २०२१ च्या निकालात संरक्षणाची गरज मानून दुपदरी रुंदीला मान्यता मिळाली. त्याच वर्षी जानेवारीत, तमिळनाडूतील विल्लुपुरम–नागपट्टिनम महामार्गाच्या प्रकरणात, न्यायालयाने त्या कामाला परवानगीची गरज नसल्याचे ठरवले, पण मूल्यांकन टाळण्याची युक्ती म्हणून प्रकल्पाचे तुकडे पाडता येणार नाहीत, असेही बजावले. हे वाक्य आपल्या कामाचे आहे.

काळा कातळ

मी भूविज्ञानाचा पदवीधर असून घाटांतील कामांवर बरीच वर्षे काढली आहेत, त्यामुळे फक्त झऱ्याविषयी लिहितो. सह्याद्री हा लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला डोंगर आहे. भेगाळ, सच्छिद्र थरातून पाणी खाली झिरपते आणि घट्ट कातळ किंवा दोन थरांमधली तांबडी चिकण माती लागली की आडवे सरकून उतारावर बाहेर पडते. त्यामुळे एकाच उंचीवर ओळीने झरे सापडतात. आपल्या झऱ्याच्या वर डोंगर कापला आणि तो काप या पाणी वाहणाऱ्या थरापर्यंत गेला, तर पाणी कापलेल्या भिंतीतून रस्त्याच्या गटारात वाहील आणि खालची कुंडी कोरडी पडेल. तीच ओली तांबडी माती पावसाळ्यात दरडीलाही कारण होते. मुंबई–गोवा महामार्गावर परशुराम घाटात चौपदरीकरणासाठी डोंगर कापल्यानंतर माती आणि दगड खाली येण्याचा त्रास किती झाला, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

दुसरी गोष्ट डबराची. कातळ फोडला की तो मुळापेक्षा साधारण दीडपट जागा व्यापतो. हे डबर कोणत्या गट क्रमांकात टाकणार, हे नकाशावर दाखवून घ्या, कारण जागा ठरलेली नसली की ते रात्रीतून जवळच्या ओढ्यात लोटले जाते. मी हे डोळ्यांनी पाहिले आहे.

हरकतदार

दोन गोष्टी तातडीच्या आहेत. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ खाली भूसंपादनाच्या अधिसूचनेवर हरकतीसाठी २१ दिवसच मिळतात. तोंडी बोलण्यावर विसंबू नका. झऱ्याचा गट क्रमांक, अवलंबून असलेली घरे आणि खुंटीपासूनचे अंतर लिहून द्या आणि पोच घ्या. दुसरे म्हणजे, आखणीत थोडीशी जरी वनजमीन येत असली, तरी रस्त्याची लांबी कितीही कमी असो, वन संवर्धन कायद्याखाली केंद्राची मंजुरी लागतेच. तो प्रस्ताव केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश या संकेतस्थळावर पाहता येतो. सविस्तर प्रकल्प अहवाल माहिती अधिकारात मागा. वनमंजुरीचा अंतिम आदेश निघाला, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुण्यातील खंडपीठाकडे अपिलासाठी मूळ मुदत ३० दिवसांचीच आहे.

पायथ्याकडचा

तिघांचेही मनापासून आभार. नोटिशीचे अजून नऊ दिवस उरले आहेत, त्यामुळे लेखी हरकत परवा देतो. खुंट्यांच्या रांगेत राखीव वनाचा दगड आहे, हे आपण लिहिल्यावर वर जाऊन पाहिले तेव्हा लक्षात आले. आज सकाळी झऱ्यावर घड्याळ लावून मोजले. दहा लिटरची बादली भरायला एक मिनिट चाळीस सेकंद लागले. आता दर रविवारी हीच बादली लावून वहीत नोंद करणार आहोत, आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेने एकदा येऊन हा आकडा स्वतः तपासावा, असा ठराव पुढच्या ग्रामसभेत मांडतो. हरकतीचा मसुदा उद्या रात्री इथेच टाकतो. डबराच्या परिच्छेदावर ‘काळा कातळ’ यांनी एकदा नजर टाकावी, ही विनंती.